कोरा

टायरच्या दुकानामागे माझं दुकान,
स्ट्रॅटफर्ड रोड, बर्मिंगहॅम.
पाटीवर इंग्रजीत मोठ्ठं मिरज, खाली वाद्यदुरुस्ती,
त्याखाली फोन नंबर. त्यातला सात पुसलाय,
तरी यायचे ते येतात.

पणजा तलवारींना धार लावायचा.
तलवारी संपल्या, तसा आजा सतारीकडे वळला.
मी व्हायोलिन, बूझूकी, गुरुद्वाऱ्यातल्या पेट्या,
मोडून येईल ते.

मार्चमध्ये न्यीमा सुसो आली.
पाठीवर चादरीत गुंडाळलेलं एवढं थोरलं काहीतरी,
मला वाटलं, झोपलेलं पोर.
"कोरा," ती म्हणाली.
म्हटलं, आमच्याकडे कोरा म्हणजे
ज्यावर अजून काही उमटलेलं नाही असा.
"मग बरोबरच," ती हसली. "गँबियात आजोबांनी
मुलीच्या जातीला हात लावू दिला नाही."

उलगडलं, तर भोपळा.
अर्धा चिरलेला, तोंडावर गाईचं कातडं,
एकवीस तारा, बुडाशी केसाएवढी भेग.
कुठल्या मातीतला, कुठल्या पाण्यावरचा, देव जाणे,
पण भोपळ्याशी बोलायला मला व्हिसा लागत नाही.

भेग डोळ्यांनी सापडत नाही.
मी कान टेकला आणि पेराने टपल्या मारत गेलो.
टक, टक, टक,
ठप्प.
ठप्प वाजलं की समजायचं, इथे दुखतंय.
तिने फोन पुढे धरला. "पुन्हा मारा ना."
मारली.
पस्तीस पौंड दिले तिने, आणि डब्यात
शेंगदाण्याच्या रश्शातली कोंबडी.
शमशाद चाखून म्हणाली, ही कोल्हापूरकडची नाही ना?

नोव्हेंबरात सुपरमार्केटमध्ये, कांद्यांच्या जाळीशी,
छतातून एक गाणं गळत होतं.
सोलची कुणी पोरगी तिच्या भाषेत,
मग एकजण स्पॅनिशमध्ये, बस सुटल्यासारखा घाईत,
मग न्यीमा, मांडिंकामध्ये, निवांत.
गल्ल्यावरचा कॅलम तिन्ही भाषा गात होता,
एकीचाही अर्थ न लागता.
आणि सगळ्यांच्या तळाशी
टक, टक, टक,
ठप्प.

मी कांदे हातात घेऊन उभा.
एवढ्या सगळ्यातून त्यांनी नेमकी दुखरी जागा उचलली
आणि तिच्यावर अख्खा देश कंबर हलवतोय.

अठ्ठ्याऐंशी साली, स्पार्कहिलच्या खोलीत,
मी सतारीची जवारी काढायला बसलो की
शेजारीण भिंतीवर झाडूचा दांडा आपटायची.
तोही ठेकाच होता म्हणा.
तीन वर्षं मी गादीखाली तोंड घालावं तसा
खुंट्या पिळत होतो.
आता तिचा नातू असेल, कॅलमच्या वयाचा.
कोण जाणे, कॅलमच असेल.

घरी इफ्फतने नावं वाचून दाखवली.
एका गाण्याला तेवीस माणसं!
लग्नाच्या पत्रिकेतही एवढे स्नेहांकित नसतात.
सोळाव्या ओळीत: तालवाद्य, मिरज.
पाटीवरून उचललं असणार, माणूस समजून.
रेडिओवरची बाई तर म्हणते मिराज.
इफ्फत भडकली. "तुमचं नाव कुठंय? टक्के कुठंयत?
अब्बा, तुम्हाला भोपळा मिळाला."
म्हटलं, भोपळ्यापासूनच तर सुरू झालं.

तसा न्यीमाचा कागद आला नंतर.
दशांशचिन्हापुढे शून्यं, मग कुठेतरी एक पाच.
सही केली. ती दुसरा भोपळाही ठेवून गेली,
अजून न चिरलेला. खिडकीत वाळतोय.

इफ्फत म्हणते, निदान उच्चार तरी दुरुस्त करायला सांगू.
राहू दे गं.
एवढ्या लांब येऊन गावाला एक काना जास्त लागला.
पडेल उपयोगी
ऐकायला.